उणे पंचवीस

अर्जाच्या सहाव्या पानावर मागितलाय
अभ्यासाचा आराखडा. चिनी भाषेत. किमान आठशे अक्षरं.
मी हर्णैच्या बर्फ कारखान्याच्या कचेरीत बसलेय,
कारण घरात रेंज नाही आणि इथं पंखा आहे.
भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडतोय.
टेबलावर अमोनियाची पावती, माझा शब्दकोश,
कुणाची तरी अर्धी राहिलेली भजी.

एकशे बारा अक्षरं झालीत.
त्यातली चाळीस तरी खोटी:
दोन प्राचीन संस्कृती, मैत्रीचा पूल, वगैरे.
देवस्थळी मॅडम फोनवर म्हणाल्या,
पूल सगळेच बांधतात गं,
तू दुसरं काहीतरी लिही.

दुसरं काहीतरी असं आहे.
पाचवीत होते. बंदरावर ट्रकात खोके चढत होते,
आत गोठलेली वाकटी,
वर लाल शाईत चौकोनी चौकोनी काहीतरी.
काय लिहिलंय, मी विचारलं.
लिहिलेलं नाय गो, नक्षी हाय ती,
सुपरवायझर म्हणाला.
पण नक्षी होती तर प्रत्येक खोक्यावर
तिचं शेपूट तिथंच कसं वळत होतं?
आठ वर्षांनी पुण्यात, फळ्यावर,
ती नक्षी परत भेटली.
पहिलं अक्षर पट्टा, दुसरं मासा.
पट्ट्यासारखा मासा.
म्हणजे वाकटीच की!
अख्ख्या वर्गात मी एकटीच हसले.

याला साहित्य म्हणायचं का,
हे निवड समितीनं ठरवावं.

दक्षिणेकडच्या जागा संपल्या.
अद्वैताला समुद्राकाठचं गाव मिळालं,
मला उरलं हार्बिन.
तिथले गुण इथं धरतात की नाही
हे विद्यापीठात तीन खिडक्यांवर
तीन तऱ्हेनं सांगतात.
दापोलीहून पासपोर्टच्या चौकशीला आलेले हवालदार
चहा संपवून म्हणाले, चीनच? सगळे दुबईला जातात.
वहीत मात्र त्यांनी तसं काही लिहिलं नाही.

आई हिशेबाची.
फी माफ, खोली माफ, मग तिकीट?
आणि बँकेत दाखवायचे ते पैसे,
नुसते दाखवून परत आणता येतात का?
सुकटीच्या टोपल्या उन्हातून उचलता उचलता
तिनं परस्पर ठरवून टाकलं:
भिशी ह्या साली मी उचलते,
पत्र्याचं बघू पुढं.

बाबांनी काहीच विचारलं नव्हतं.
आज पाळी संपवून आले, हात पुसले,
म्हणाले, थंडी किती असते?
उणे पंचवीस. कधी तीस.

सव्वीस वर्षं त्या काट्यावर नजर ठेवलेला माणूस
खुर्ची ओढून बसला.
आपलं मिठाचं पाणी उणे दहा, म्हणाला,
आणि बराच वेळ गप्प राहिला,
जसं कुणी शेजारच्याचा पगार ऐकून राहावं.

मग, नवीन पोऱ्याला कामावर घेताना सांगतात तसं:
ओल्या हातानं लोखंडाला शिवायचं नाय.
चिकटला हात तर ओढायचा नाय,
पाणी सोडायचं. साधं. कढत नको.
मोजे दोन घालायचे, पण सैल.
बोटं दुखतात तोवर बरं.
दुखायची थांबली, की मग घाबरायचं.

मी ते आराखड्याच्याच कागदावर,
समासात, उतरवून घेतलं.
ते गेले. डबा उलटला, लादी घसरत गेली
तिचा आवाज आला, मग क्रशरचा.

पाचवी ओळ मी चिनीत करून पाहिली.
बोटं दुखतात तोवर बरं.
मोजली: सात अक्षरं.
तिथल्या जुन्या कवितेची एक ओळ
पुष्कळदा एवढीच असते.

पूल खोडला नाही अजून.
त्याच्याखाली ती ओळ लिहिली.
एकशे एकोणीस.
उरली सहाशे एक्क्याऐंशी.