ठण्ण, भद्द

माझा बाप खाणीत ड्रेसर होता.
शाळेत पोट्टे विचारायचे,
"मलमपट्टी करते का बे तुझा बाप?"

मलमपट्टीच म्हणा.
सुरुंग उडाला, धूर बसला, की पहिला तो आत.
हातात सब्बल. डोक्यावर दोनशे हात जमीन,
तिच्यावर कुणाची तरी कपाशी, कुणाचा तरी लग्नाचा मांडव.
सब्बल वर नेऊन तो छताला टोकायचा
आणि मान किंचित तिरकी करून उभा राहायचा.
ठण्ण आलं तर दगड धरून आहे.
भद्द आलं तर दगड सुटलाय,
अजून पडलेला नाही, एवढंच.

मे महिन्यात माठ घ्यायला मला सोबत न्यायचा.
खापरखेड्याच्या बाजारात एकेक माठ उचलून वाजवायचा,
कुंभारीण वैतागायची,
"माठ घेऊन रायले का तबला शिकून रायले?"

एका सेकंड शिफ्टला त्यानं अकरा माणसं बाहेर काढली.
भद्द ऐकू आलं म्हणाला.
ओव्हरमननं स्वतः वाजवून पाहिलं, त्याला ठण्ण ऐकू आलं.
तरी बाप आडवा उभा राहिला.
टनेज बुडालं, बोनस गेला,
आणि छत पडलं नाही.
त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही,
माझ्या माहितीत ते अजूनही पडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी लॅम्प रूममध्ये, त्याच्या दिव्याच्या खुंटीवर
डझनभर हिरव्या बांगड्या.
त्यानं त्या डब्यात घालून घरी आणल्या.
आईनं काही विचारलं नाही. हाताला साबण लावला, चढवल्या.
"मापाच्या हायेत," म्हणाली.
वर्षभरात एकेक करून वाढल्या,
भांडी घासताना, नळाच्या रांगेत.
फुटल्या नाहीत.

बांगड्या मनिराम उईकेनं टांगल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक.
मनिराम म्हणजे मर्द.
न वाजवलेल्या छताखाली बसून खर्रा घोटायचा,
म्हणायचा, "मरनाले काय भेऊन रायले बे!"
त्या अकरांतला तोही एक.

एकोणिसाव्या वर्षी मीही कोराडी रोडवर
दोन्ही हात सोडून गाडी नेली, राखेच्या दोन ट्रकांमधून.
उतरलो तेव्हा पाय लटपटत होते
आणि वाटलं, झालो आपण.
कुणीतरी बापाला सांगितलं. तो रागावला नाही.
जेवता जेवता एवढंच म्हणाला,
"वाजवून पायलं होतं का?"

आता मेडिकलच्या छातीच्या वॉर्डात
माझ्याहून लहान डॉक्टर त्याच्या उघड्या पाठीवर
एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं टोकतो, वरून खाली.
बाप श्वास धरतो. मान किंचित तिरकी.
ठण्ण. ठण्ण.
मग डावीकडे, खाली,
भद्द.
"काही नाही काका, जरासं पाणी आहे."
बाप शर्टाची बटणं लावत म्हणतो, "मले समजते आवाज."

तो घाबरला नाही, असं लिहिता आलं असतं.
घाबरला. चौतीस वर्षं ती भीती
त्यानं डब्यासोबत नेली, डब्यासोबत परत आणली.
एकदाही आत विसरून आला नाही.

संध्याकाळी मनिराम संत्री घेऊन आला.
स्टुलावर बसला, सोलत राहिला,
बिया काढून फोडी बापाच्या तळहातावर ठेवत राहिला.
बोलले असतील चार शब्द,
त्यातले दोन उन्हाबद्दल.

तो गेल्यावर बाप त्याच सेकंड शिफ्टच्या आवाजात म्हणाला,
"तू बाहेर हो. चहा घे."
बाहेर शेहेचाळीस. खिडकीतल्या कूलरला
ओल्या खसाचा वास, पाणी संपत आलेलं.
मी उठलो नाही.

रात्री दिवे गेले तेव्हा
मी खाटेच्या लोखंडावर बोटानं वाजवलं, दोनदा.
बराच वेळ काही नाही.
मग पलीकडून, नखानं,
एकदा.