झाकण

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा ल्युबित्साबाईंनी
लॅपटॉप टेबलावर ठेवला नाही, आपटला.
बाहेर सामुद्रधुनीवरचा वारा
दुकानाचा पत्रा उचकटायच्या बेतात.
"आलिरो, तुझा पेंग्विन पुन्हा झोपला.
लोकरीचे सव्वीस गठ्ठे लिहून झाले होते,
सत्ताविसाव्याला डोळे मिटले त्यानं."

पुंता अरेनासमध्ये पेंग्विन चित्रातला नसतो,
मासळीचा वास मारतो, वाटेत ठाण मांडतो.
नात याद्रांका सांतियागोला शिकायला गेली,
जाताना आजीच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून गेली.
तेव्हापासून नळ गोठो, पाव न फुगो,
सगळं पेंग्विनच्या खात्यावर.

मी काय काय केलं म्हणता?
कर्नल नवं घातलं. मग जुनं. मग त्याहून जुनं.
बायॉसचा कानाकोपरा झाडला.
वायफायचं फर्मवेअर बदललं,
त्याचा याच्याशी सुतराम संबंध नव्हता,
पण गिऱ्हाइकासमोर हात रिकामे दिसू नयेत.
दोन दिवस, दोन रात्री माझ्या टेबलावर तो टक्क जागा.
त्यांच्या घरी गेला की दहाव्या मिनिटाला गुडुप.

झोपलेल्याला उठवता येतं,
झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही.
हा त्यातला कोणता, तेच कळेना.

शेवटी लॉग उघडला.
त्यात पुन्हा पुन्हा तेच, सेकंदासकट:
झाकण बंद झालं.
झाकण उघडलं.
झाकण बंद झालं.

"मी झाकणाला बोटही लावलेलं नाही."
"देवाशपथ?"
"देवाला यात ओढू नकोस. तो विंडोजवाला आहे."

वीस वर्षं झाली या धंद्यात,
अजून माझा पहिला संशय यंत्रावर,
दुसरा ज्यानं ड्रायव्हर लिहिला त्याच्यावर;
खुर्चीतल्या माणसाकडे बघायचं
सुचतं ते सगळं उकरून झाल्यावर.

"बसा," म्हटलं, "माझ्यासमोर लिहा."
बसल्या. चष्मा पुसला.
सत्ताविसावा गठ्ठा, एकशे ब्याण्णव कि—
डावं मनगट काठावर टेकलं.
पडदा काळा.
मनगट उचललं, कपाळावरची बट सारायला.
पडदा उजळला.
टेकलं.
काळा.

तांब्याचं कडं.
टोकांना दोन काळे मणी, संधिवातासाठी, जत्रेतलं.
मी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला,
तो माझ्या हातातून सुटला
आणि बाईंच्या मनगटाला लोंबकळला.

काठाखाली तिळाएवढा सेन्सर असतो.
चुंबक जवळ आलं की तो म्हणतो, मिटलं झाकण.
झाकणात चुंबक असतं म्हणून. त्याला तेवढंच ठाऊक.
तीन आठवडे तो खरं सांगत होता
आणि मी त्याची जुनी कर्नलं बदलत होतो.

"काढा ते कडं."
"नाही."
"टाइप करताना तरी."
"नाही."
"दुखणं थांबतं का त्यानं?"
"कुठलं थांबतंय. पण जड लागायला लागलं
की समजावं, वारा फिरणार."

यावर माझ्याकडे ड्रायव्हर नव्हता.
एका फाइलीत एक शब्द बदलला:
झाकणाकडे दुर्लक्ष कर.
म्हटलं, "आता मिटलात तरी हा जागाच राहणार.
रात्री स्वतः सांगून झोपवावं लागेल."
"सांगीन. याद्रांकालाही सांगावंच लागायचं,
दोनदा."

बिलातून तिन्ही कर्नलांचे पैसे त्यांनी कापले.
"ते तुझं शिक्षण."
मग लॅपटॉप कापडी पिशवीत घातला, पिशवी डाव्या काखेत,
आणि वाऱ्यात वाकून चढ चढू लागल्या.
आत, मिटलेल्या झाकणाखाली,
तो जागा, कोमट,
सत्ताविसाव्या गठ्ठ्यावर, अर्ध्या किलोपाशी.