कुठून, कितीनं, कुठवर

हॅलिफॅक्सच्या दप्तरखान्यात, तळघरात, हीटर आहे.
कौन्सिलचा आहे, म्हणजे आहे एवढंच.
अंगावरचा कोट न काढता
मी काळ्या खिडकीत तीन अक्षरं उमटवते: सेक.
मनात मात्र त्याला शेक म्हणते.
डिसेंबर आहे. तेवढीच ऊब.

काय करतो हा प्रोग्राम?
आकडे म्हणतो. बस.
एकाखाली दोन, दोनाखाली तीन,
छडी नसलेल्या शाळेतली उजळणी.
मध्ये आवंढा गिळत नाही,
एकोणतीसला अडखळत नाही.
त्याला कुठं ठाऊक, आपल्याकडे एकोणतीस
तिसाच्या दारात उभं राहून आपलं नाव सांगतं.

तीन गोष्टी सांगायच्या त्याला:
कुठून, कितीनं, कुठवर.
एकच आकडा दिलात तर तो शेवट धरतो;
सुरुवात विचारत नाही,
ती सगळ्यांची एकच, असं समजतो.
आणि पाचापासून एकापर्यंत म्हणालात,
पण उलटं चालायचंय हे सांगायचं विसरलात,
तर काहीच छापत नाही.
चूक दाखवत नाही, रुसत नाही,
नुसता कर्सर पुढच्या ओळीवर,
न बोलता वाढून ठेवलेल्या ताटासारखा.

बार्शीच्या आडतीवर माझे वडील मापाडी होते.
पहिल्या मापाला जन्मात एक म्हणाले नाहीत.
लाभ म्हणायचे.
लाभ, मग दोन, मग तीन,
ज्वारीच्या धुळीनं बसलेल्या आवाजात,
एका सुरात, डोळे अर्धे मिटून.
मोजणी एकदाच चुकली त्यांची:
चौथीत पहिली आले ते सांगायला
मी धावत मध्येच शिरले तेव्हा.
पोतं रितं केलं. पुन्हा लाभपासून.
ओरडले नाहीत.
आडत्या ओरडला.

इथं खोक्यांत गिरणीची पगारपुस्तकं आहेत.
लोकर पिंजणाऱ्या, सूत कातणाऱ्या बायका,
आठवड्याचे शिलिंग, कापलेले पेन्स.
खोक्यांवर नंबर घालायची ग्लेनिस सटक्लिफ,
पेन्सिलीनं, जाड, किंचित डावीकडे कललेले.
शाई का नाही, मी विचारलं होतं.
म्हणाली, माणसानं आपल्याला खोडता येईल
इतपतच ठाम असावं.
तिच्या डब्यात नेहमी बीटचं सँडविच,
त्याचे डाग एकशे चाळिसाच्या आसपास अजून आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी ती आली नाही.
बुधवारी डॅरेन वरून खाली आला,
एरवी येत नाही,
आणि दारातच उभा राहिला.

आता डॅरेनला लेबलं हवीत, शुक्रवारपर्यंत.
एकपासून अकराशे चौऱ्याऐंशीपर्यंत,
सगळी एकसारखी, चार अंकी, छापील.
एकच आकडा द्यायचा होता मला,
बाकी त्यानं धरलंच असतं.

ग्लेनिसची खोकी सहाशे अकरापर्यंत नीट आहेत.
पुढच्यावर सहा आहे, एक आहे,
आणि तिसऱ्या अंकाच्या जागी
पुठ्ठा कोरा.
चहाला उठली असेल. की फोन वाजला.

मी कुठून या प्रश्नाला
सहाशे बारा असं उत्तर दिलं.
डॅरेनला काय सांगायचं ते शुक्रवारी बघू.
बटण दाबायच्या आत सगळे आकडे खाली उतरले,
पाचशे त्र्याहत्तर ओळी,
प्रत्येकाला चार अंक पुरावेत म्हणून
हजाराच्या आतल्यांच्या डोक्यावर शून्याची टोपी.
थंडी आहेच तशी.

पहिलं लेबल मी जरा खाली चिकटवलं,
पेन्सिलीचे सहा आणि एक वर उघडे ठेवून.
अंगठ्यानं दाबलं.
आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी हळूच म्हणाले,
लाभ.

मग सहाशे तेरा.
हीटर खोकला आणि बंद पडला.