दिवाळ्याच्या जेटीवर, बत्ती विझवून

भूपेश ठाकूर, एनडीएची परीक्षा दुसऱ्यांदा देणारा,
जेटीवर माझ्याशेजारी टेकतो आणि विचारतो :
काका, समोरासमोर आलं तर कोण जिंकेल?
आपलं सुखोई, की ते न दिसणारं?

मी सत्तावीस वर्षं हवाई दलात होतो,
पण विमानात बसलो ते बदलीच्या गावी जाताना,
मालवाहू विमानात, ट्रंकेवर पाय ठेवून.
माझं काम हिरव्या काचेसमोर.
फिरणारी रेघ, तिच्यामागे उरलेले ठिपके,
आणि दिवसभर ठिपक्यांना नावं ठेवणं.

समोरासमोर येणारच नाही, मी म्हणतो,
तिथंच तर गोम आहे.

ओहोटी लागलीय. पलीकडे जोमा केणी
चिंबोऱ्यांसाठी चिखलात उतरलाय, कपाळाला बॅटरी.
ते बघ, ते रडार.
त्याला दहा हात दिसतं,
तो मात्र उरणपर्यंत सगळ्यांना दिसतो.
आता समज, कांदळवनात कुणी काळं घोंगडं पांघरून उभा आहे.
उजेड त्याच्यावर पडतो, परत येत नाही,
किंवा उधारी मागायला गेलेल्यासारखा
भलत्याच गल्लीतून निघून जातो.
जोमाला वाटतं, चिमणी असेल.
चिमणी. ताशी हजार किलोमीटरनं.

सरावात असंच होतं.
आकाश निळं, टाकी अर्धी भरलेली,
आणि रेडिओवर कंटाळलेला आवाज :
तू मेलास. घरी जा.
पोरगं विचारतं, कुणी मारलं?
उत्तर संध्याकाळी, चहाच्या वेळी.

म्हणजे संपलंच, भूपेश म्हणतो.
संपलं नाही रे.
घोंगड्याखाली माणूस आहे, त्याला विडी लागते.
मागून पाहिलंस तर निखारा दिसतो.
दगड मारायचा तर हात बाहेर काढावा लागतो,
पोटाची झडप उघडते, आणि तेवढा एक श्वास
तो भिंतीएवढा होतो.
शिवाय दगड किती? खिशात मावतील तेवढे.
चार. सहा.
बाहेर टांगले तर घोंगडं कशाला?
सुखोई वऱ्हाडासारखं येतं,
डझनभर दगड उघडे लटकवून, ढोल बडवत.
बरेच जण वाटेतच पडतील, ते खोटं नाही.
पण खिसा रिकामा झाल्यावर, तो पळायच्या आत,
वऱ्हाडातला एक जरी जवळ पोचला
तर मग नुसती कुस्ती.
डोळे, मान, आणि आधी कोण वळतो ते.

आणि लांब लहरींची ती जुनी रडारं.
आम्ही त्यांना म्हाताऱ्या म्हणायचो.
मोतीबिंदू झालेलीला दारातलं माणूस कळतं
तसं त्यांना कळतं. कोण, कुठं, ते नाही.
आहे, एवढंच.
तेवढ्यावर नेम धरता येत नाही.
झोपलेल्यांना उठवता येतं.

भूपेश मोबाइलवर टिपून घेतो.
झडप. विडी. म्हाताऱ्या.
मुलाखतीत असं सांगू नकोस, मी म्हणतो.

एक मी त्याला सांगत नाही.
वाळवंटातलं ठाणं, पहाटेचे तीन दहा.
एक ठिपका एकाच फेरीला आला.
पुढच्या फेरीला नव्हता. त्याच्या पुढच्याही.
मी नोंदवहीत लिहिलं : पक्षी.
सही केली, चहा प्यायलो, तो गार झाला होता.
काहीही घडलं नाही. कुणी आलं नाही, काही पडलं नाही.
पण तो शब्द माझ्या अक्षरात तिथं आहे,
आणि जानेवारीत त्या वाळूवर रात्री
कुठला पक्षी उडतो, हे मी निवृत्तीनंतर
तीन पुस्तकांत शोधलं.

जोमा परत येतो. टोपलीत चिंबोऱ्या खडखडतात.
काय चाल्लाय र?
भूपेश सगळं सांगतो, हातवारे करून.
जोमा ऐकतो, आणि कपाळावरची बॅटरी बंद करतो.
चिंबोरी बत्ती बगली का गपगार व्हते, तो म्हणतो.
इझवून उबा र्‍हा. मंग तिचा आवाज येतो.

आम्ही तिघं उभे. चिखल बुडबुडतो.
उलव्याकडे वळणारं प्रवासी विमान
सगळे दिवे लावून डोक्यावरून जातं.
भूपेश मान वर करून त्याच्यामागे वळत राहतो.
मी, सवयीनं, त्याच्या बाजूचा काळोख बघतो.