पाच एकोणतीस साठ

बेंगळुरूच्या मेलमध्ये तीनच ओळी:
एकतीस डिसेंबरच्या रात्री जगाच्या घड्याळात एक सेकंद वाढणार.
आपल्याकडे तो पहाटे साडेपाचच्या तोंडावर येईल.
काळजी घ्यावी.
काळजी म्हणजे काय, ते चौथ्या ओळीत असायचं बहुतेक.

म्हणून शहापुरात, विणकर बँकेच्या माडीवर,
दोन स्वेटर घालून बसलेय मी. एसी अठरावर.
खाली गल्लीत नव्या वर्षाचे दोन फटाके,
मग एक कुत्रं, मग थंडी.

अकरा मशीन.
त्यातलं चौथं बंद केलं तर उठेल की नाही
हे ज्याला ठाऊक होतं तो पुण्याला गेला.
मागच्या खेपेला निपाणी शाखेत
सर्व्हरला हा जादा सेकंद पचला नव्हता;
तिथल्या तिथे गरगरत राहिला,
पंखा विमानासारखा ओरडला,
आणि तंबाखूवाल्यांचे पैसे दुपारपर्यंत अडकले.

मी तिमाहीचं व्याज साडेचारलाच चढवून घेतलं.
बॅकअप दोनदा. एक टेपवर, एक पर्समध्ये.
मग एकेका मशीनचे कान बंद केले:
बाहेरचं घड्याळ काय सांगतंय ते ऐकू नकोस,
सहापर्यंत आपल्याच मनाने चाल.
दहा झाली. अकरावं, टेस्टचं, उघडंच ठेवलं.
हे चेकलिस्टमध्ये नव्हतं.
मला साठ बघायचे होते.

निंगाप्पा चहा घेऊन वर आला.
पायताण दाराबाहेर, देवघरात यावं तसा.
"ह्यो सेकंद येतोय कुठनं बाई?"
म्हटलं, पृथ्वी फिरते ना, ती जरा मागे पडलीय.
"दमली असंल की."
म्हटलं, असेल.

मग तो उकिडवा बसला आणि बोलला:
"आई म्हणायची, मी झालो तवा जोंधळा काढणीला आलता.
मास्तरनी लिवलं एक जून.
अर्धा वर्ग एक जूनचा आमचा.
त्या हिशोबानं बँकेत मला चार महिने जादा मिळत्यात नोकरीचे.
चार महिने! कोण जागलं नाही त्यासाठी."

मी स्क्रीनकडे बघितलं.
माझ्या डेटाबेसमध्ये तो तीन माणसं आहे:
पहाणीतून आलेला निंगप्पा,
पासबुकातला निंगाप्पा,
आणि इंग्रजीतून कसाबसा पोचलेला लिंगप्पा.
तिघांची जन्मतारीख तेवढी एक.
दर मार्चला मी त्यांना जोडायला घेते
आणि दर मार्चला ऑडिट येतं.

पाच अठ्ठावीस. तो खाली गेला, दूधवाल्याची वेळ.
मी खुर्ची पुढे ओढली.
सत्तावन्न.
अठ्ठावन्न.
एकोणसाठ.

एकोणसाठ.

तीस, शून्य शून्य.

साठ आलेच नाहीत.
मशीनने तो सेकंद घेतला,
पण त्याला नाव दिलं नाही,
आधीच्याचंच नाव दुसऱ्यांदा लावलं.
दोन एकोणसाठच्या मध्ये कुठेतरी
खालून आवाज आला होता, फाटकाशी,
"ओंद सेकंद तडीरी!"
कडी गंजलीय, लवकर निघत नाही.
दूधवाला थांबला असणार.

सहाला दहाही मशीनचे कान उघडले.
आता ती जगाच्या एक सेकंद पुढे.
एकदम मागे ढकलता येत नाही,
पैसे निघायच्या आधीच पावती निघाल्यासारखं दिसतं.
नकळत, तिळातिळाने ओढायचं.
अर्धा तास लागतो एक सेकंद विसरायला.
चौथं मशीन, देवाची कृपा, बोललंही नाही.

लॉग इंग्रजीत लिहिला. हेड ऑफिसचा फॉर्म कन्नडमध्ये, त्यावर सही.
आपल्या रजिस्टरात मराठीत:
'पहाटे ५.३०. काहीही घडले नाही.'
या कामात याहून चांगलं वाक्य नसतं.

जिना उतरले.
दारावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे,
स्टाफ वेळेवर यावा म्हणून
कुठल्याशा मॅनेजरने कधीतरी लावलेलं.
त्याला कुणी काही कळवलं नव्हतं.
निंगाप्पा दुधाच्या पिशव्या मोजत होता,
दोन वेळा, कारण एक जास्त भरत होती.