घरच्यासारखी

स्टँडवरून रिक्षा केली नाही.
म्हटलं बघू, पायांना वाट येते का.
आली. फक्त दसरा चौकात एकदा चुकले
आणि ओळीनं चपला टांगायचे तिथं नेऊन उभं केलं.
तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकतात,
सुकवायला घातलेल्या बांगड्यांसारखी.

बिंदू चौकाच्या अलीकडं माळकर सायकल मार्ट.
पाटी तीच. तातोबा तासाला आठ आणे घ्यायचा
आणि वेळ मनात धरायचा, घड्याळ नव्हतं त्याच्याकडं.
आता त्याचा मुलगा बॅटरीवरच्या सायकली विकतो.
"काय पाहिजे, साहेब?" म्हणाला.
मला काही नको होतं,
पण दुकानात उभं राहून तसं सांगता येत नाही,
म्हणून पंपाचा एक वॉशर घेतला.
सुरतेत माझ्याकडं सायकल नाही.

मंगळवार पेठेत शिरताना ठसका लागला.
बरं वाटलं. म्हणजे पत्ता बदललेला नाही.
'येथे मिरची, हळद, मसाला कांडून मिळेल',
त्यातला मसाला गंजून गेलाय, बाकी शाबूत.
आत पट्टा फिरतोय, मुसळं वरखाली,
आणि नाकाला टॉवेल बांधलेली जैबुन,
दस्तगीर मुल्लाण्याची धाकटी.
हीच ती, उलट्या डब्यावर बसून
गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहायची
आणि 'निकाडे'चा 'निकडे' करायची.
आता पापण्यासुद्धा लाल झाल्यात तिच्या.

"दोन किलो चटणी. घरच्यासारखी."
"कुठल्या घरच्यासारखी?"

बरोबर होतं तिचं.
मी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गल्ली सांगितली.
"मग ताराक्काचा म्हण की!" टॉवेल खाली आला.
"बस तिथं. मिरची माझीच घालतो."
आणि पट्ट्याच्या आवाजावरनं ओरडून,
पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं,
"संकेश्वरी नावाला, ब्याडगी रंगापुरती,
बाकी सगळी लवंगी.
तीळ मूठभर. खोबरं न्हाईच.
लसूण मात्र कमी करू द्यायची न्हाई ती."

आईनं हे कधी लिहून ठेवलं नाही.
बहिणीनं फोनवर विचारलं तेव्हा
"अंदाजानं घाल" एवढंच म्हणाली होती,
आणि पुढच्या चैत्रात गेली.

मी म्हणालो, आमच्यात पहिल्यापासनं तिखटच लागतं.
होस्टेलवर दुसरा घास कुणाला झेपायचा नाही.
छाती काढून सांगत आलोय मी हे, तीस वर्षं, सगळीकडं.

जैबुननं पट्टा थांबवला.
"तिखटाचा शौक नव्हता रं तिला.
लवंगी स्वस्त. आन बोटभर घेतली की भाकरी सरती.
अब्बा म्हणायचा, ताराक्का, पोरांच्या पोटात जाळ व्हईल.
ती म्हणायची, जाळ परवडतोय, दस्तगीरभाई,
चटणी परवडत न्हाई."

मुसळं हवेत होती, अर्ध्यावर.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
आणि ती सुरू होत नव्हती.

"मग तशीच करू? का खोबरं घालू थोडं?
आता परवडतंय न्हवं?"

मी खिशातला वॉशर बोटावर फिरवत राहिलो.
मागं डबा कमरेवर घेऊन एक बाई उभी होती.
"ठरवा की ओ लवकर," ती म्हणाली,
"मला दूध तापवायचंय."

"तशीच," म्हणालो. मग म्हणालो, "थोडं घाल."
मग पुन्हा, "नको, तशीच."
जैबुन हसली, कुणाला ते कळलं नाही.
चिठ्ठीवर नाव लिहिलं, डब्याच्या झाकणात सरकवली.
पैसे मोजून घेतले, पूर्ण.
वर एक खोबऱ्याची वाटी, कागदात गुंडाळून, वेगळी.
"तुझं तू ठरीव," म्हणाली.

रात्रीच्या गाडीत डबा मांडीवर घेतला.
शेजारचा दोनदा शिंकला, मग जागा बदलून गेला.
झाकणातली चिठ्ठी काढून बघितली.
'निकडे'.
डबा कऱ्हाडपर्यंत कोमट होता.