पान एकसष्ट

पाळयेकर मास्तरांची कादंबरी टाईप करायला घेतली
तेव्हा म्हापशात लाईट जात-येत होती.
पानामागे पंचवीस रुपये. शाईचं अक्षर,
ळ कुठला, ल कुठला, चष्मा लावूनही कळेना.

पहिली चाळीस पानं पोरगा नुसताच हिंडतो.
गुणो नाव. चौदा वर्षांचा. चोडणच्या बांधावरून
चिखलाच्या पायांनी शाळेत, शाळेतून मानशीवर.
मला आवडला होता तो. खरं सांगते,
दुपारचा डबा मी त्याच्यासोबत खायची.

मग एका अवसेच्या रात्री, चार काळुंदरांच्या लोभानं
मानशीच्या फळीत तो दगड सरकवतो
आणि घरी जाऊन झोपतो.
भरती आली. दगड तसाच.
तीन दिवस खारं पाणी भातात उभं राहिलं.
गावानं मानस राखणाऱ्याला धरलं, कायतानला.
भर बैठकीत त्याच्या हातातला कंदील काढून घेतला.
गुणो गर्दीत होता. पेरू खात होता.

तो पेरू मास्तरांनी दोन पानं लिहिलाय.

पुढे पोरगा स्वतःला सोडतच नाही.
पाटीवर नालायक, आरशात नालायक,
पेजेच्या वाडग्यात तोंड दिसलं तर तेही.
बक्षीस मिळालं, तर सरांची मोजणी चुकली म्हणतो.
कुत्र्यानं हात चाटला, तर हात मागे घेतो:
बिचाऱ्याला ठाऊक नाही.
मी मोजले. एकोणीस वेळा.
विसाव्याला बोट थांबलं.
गाळला तर कोणाला कळणार?
एवढ्याशा पोराला इतकं कोण बोलतं?

पान एकसष्ट.
‘तो दगड गुणोनं ठेवला.’
‘गुणोनं’ जाड शाईत, नंतरच्या पेनानं.
कागद खिडकीशी धरला
तर खाली खोडलेलं एकच अक्षर.
मी.

रविवारी पोंबुर्प्याहून फेरीबोटीनं पलीकडे गेले.
मानस आहे अजून, फळ्या नव्या.
खाजनात कोरगूट उभं होतं. हे भात खारं सोसतं,
बांधावरची बाई म्हणाली,
पण त्यालाही काही माप असतं गो.
कायतानचं विचारलं.
कुठला कायतान? म्हणाली.

मास्तर पानं न्यायला आले, छत्री दाराशी टेकवून.
वीसच्या वीस नालायक मी ठेवले होते.
त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
ओळीवरून बोट फिरवत
फक्त कायतान शोधत गेले,
प्रत्येक ठिकाणी दोन्ही काने आहेत ना बघत.

पान शहाऐंशीवर माझ्या हातून ‘कायतन’ झालं होतं.
एवढं एक पान पुन्हा काढून द्या, म्हणाले,
आणि पंचवीस रुपये वेगळे ठेवले टेबलावर.

अहो, चूक माझी आहे, मी म्हटलं.

नाही, म्हणाले मास्तर.